वेगळी वाकळ

६ जानेवारी, मंगळवार

राजनंदिनीच्या हाताला प्लास्टर! पायरीवरून पडले म्हणते. त्यांच्या घराला पायरीच नाही, दारातून सरळ अंगण. मी गप्प बसले. शेजारच्या सुलाबाई कसल्या बसतात — "कुठली गं पायरी? दाखीव की आमाला." पोरगीनं प्लास्टरवर पदर ओढला.

राजनंदिनी म्हणजे आमच्या पुतण्याची, शिवतेजची बायको. शिवतेज ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस वाहतो, गणपतीत वर्गणी गोळा करतो, दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडतो. लय गुणाचं पोरगं, असं सगळी भावकी म्हणते. उन्हाळ्यात राजनंदिनीच्या ओठाला टाका पडला होता. तेव्हा म्हणे दार लागलं होतं.

७ जानेवारी

आमच्या घरात गावच्या तंटामुक्तीचे अध्यक्ष राहतात. म्हणजे माझे मिस्टर. चहा देताना विषय काढला. म्हणाले, "नवरा-बायकूचं हाय. चार भिंतीत मिटतंय. आपुन कशाला मधी पडायचं?"

गेल्या महिन्यात बांधावरच्या आंब्याच्या एका फांदीवरून दोन भाऊ भांडले, तर अध्यक्षांनी तीन बैठका घेतल्या. आंबा चार भिंतींच्या बाहेर होता, हे मात्र खरं.

१२ जानेवारी, सोमवार

उद्या भोगी. पडवीत बसून आम्ही बायका घेवडा आणि पावटा सोलत होतो. मी म्हटलं, मोबाईलवर वाचलंय — कुठल्याशा देशात बायकांनी नवऱ्यांना जवळ येऊ द्यायचं बंद केलं. मारामाऱ्या थांबवा, मग या म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मग हळूहळू हसायच्या थांबल्या.

सुलाबाई म्हणाल्या, "आपुन तसं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी म्हायेरी नेऊन घालत्यात." भावकीतल्या बनाबाई म्हणाल्या, "आन म्हायेरची तिसऱ्या दिवशी परत आणून सोडत्यात."

आमच्या सासूबाई, रंगूबाई — आम्ही त्यांना आत्याच म्हणतो — कोपऱ्यात बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं वय, पण पावटा आमच्यापेक्षा भराभर सोलतात. मान वर न करता म्हणाल्या, "बाईनं न्हाई म्हटल्यालं कोण ऐकतंय? देवीनं म्हणाय पायजे."

१३ जानेवारी, भोगी

आत्यांच्या स्वप्नात देवी आली.

देवी म्हणाली, ज्या भावकीत बाईवर हात उचलला, त्या भावकीतल्या समद्या बायकांनी वेगळ्या वाकळेवर झोपायचं. मनगटात हळदीचा दोरा बांधायचा. दोरा आहे तोवर नवऱ्यानं शिवायचं नाही. मारणारा देवळात येऊन सगळ्यांसमोर शब्द देईल, तेव्हाच दोरा सुटेल. आणि जो हा नेम मोडेल त्याच्या उसाला तुरा येईल, वजन घटेल.

उसाचं आत्यांनी जेवताना वाढवलं. अध्यक्षांचा घास हातातच राहिला.

दुपारी एकटीला गाठून विचारलं, आत्या, खरंच स्वप्न पडलं? म्हणाल्या, "डोळं तर मिटलं हुतं."

१५ जानेवारी, गुरुवार

हळदीकुंकू घातलं. वाण म्हणून हळदीत बुडवलेला दोरा. पहिला राजनंदिनीच्या चांगल्या हाताला बांधला. भावकीतली एकही बाई नको म्हणाली नाही. बनाबाईंचे मिस्टर तीन वर्षांपूर्वी वारले, तरी त्यांनी हात पुढं केला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मागचं बी हाय माझं."

१६ जानेवारी

घरात होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा उन्हात घातल्या. गल्लीत सगळ्यांच्याच भिंतींवर वाकळा. कुंडलचा भांडीवाला विचारत होता, कुणाचं लग्न आहे का.

१९ जानेवारी, सोमवार

अध्यक्षांनी चहा पिताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "देवी किती दिसाचं म्हणली?" म्हटलं, शिवतेजवर आहे. मग बराच वेळ पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

२१ जानेवारी

पारावर शिवतेजशी कोणी बोलेना झालंय. त्याचे चुलते आकाराम भावजी आमच्या दारात त्याला सांगत होते, मी आत भाकरी थापत ऐकलं — "जा की रं गड्या. एक नारळ फोड आन मोकळं कर समद्यास्नी." तो म्हणाला, "माझ्या घरातली भानगड, गावाला का तरास?" भावजी म्हणाले, "तरास हुतोय म्हणूनच सांगतोय."

हाताबद्दल कोणी काही बोललं नाही. हाड अजून जुळायचंय.

२३ जानेवारी

पलीकडच्या वाडीतल्या दोन बायका व्रताची चौकशी करायला आल्या होत्या. फराळाला काय चालतं विचारलं. आत्या म्हणाल्या, "समदं चालतं. नवरा सोडून."

२५ जानेवारी, रथसप्तमी

झालं! शिवतेज देवळात आला. नारळ अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून आणला होता. चार भिंतीतलं आपोआप मिटणार होतं ना, म्हणून.

शिवतेजनं हात जोडले. "पुन्यांदा हात उचलणार न्हाई." सगळं देवीकडं बघून. राजनंदिनी त्याच्या डाव्या अंगाला उभी होती, तिच्याकडं मान वळवली नाही. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. पेढे कुठूनसे आलेच.

आम्ही दोरे सोडून लिंबाला बांधले. राजनंदिनीनं नाही सोडला. प्लास्टरच्या हातानं गाठ सुटत नसेल म्हणून मी पुढं झाले, तर हात मागं घेतला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर अध्यक्षांचं भाषण. "महिला शक्तीपुडं आपुन समदी नतमस्तक." लाडू चांगले होते.

२७ जानेवारी, मंगळवार

राजनंदिनी सकाळी पिशवी घेऊन आली. कराडला मावशीकडं निघालेली. मी म्हटलं, अगं, शब्द दिलाय आता त्यानं.

म्हणाली, "देवीला दिलाय."

मग बसली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या दिवशी भांडण वगैरे काही नव्हतं. तिला नको होतं. कणकण होती, अंग दुखत होतं, आणि तसंही नको होतं. ती नको म्हणाली. म्हणून हात मोडला.

"काकी, देवीनं न्हाई म्हटलं तर अख्खी भावकी नारळ घिऊन पळाली. मी म्हटलं तर मोडलं. तुमी एकदा म्हणून बगा. देवीचं नाव न घेता. नुसतं न्हाई."

आम्ही एवढ्या बायका एवढे दिवस दोरे बांधून फिरलो. का मारलं, हे तिला एकीनंही विचारलं नाही. मला फार लाज वाटली. स्टँडपर्यंत पिशवी मी धरली.

२८ जानेवारी

दिवसभर आठवतेय, मी कधी नाही म्हटलंय का. डोकं दुखतंय म्हटलंय. पोरं जागी आहेत म्हटलंय. एकादशी आहे. पाळी आलीय — आली नसतानाही. आत्यांना खोकला लागलाय, ऐकू जाईल. नुसतं नाही — कधीच नाही.

माणूस वाईट नाही हो. आजवर कधी आवाज चढवला नाही. पण व्रताच्या दिवसांत मी सरळ पहाटेपर्यंत झोपत होते. पाय पसरून, वाकळ सगळी माझी. फार आवडलं मला ते. दोरा सोडताना जिवावर आलं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

काल रात्री म्हटलं, "आज नको."

"आता कुठलं व्रत?"

"कुठलंच न्हाई. मला नको."

अध्यक्षांनी मारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मीही बावीस वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं होतं.

सकाळी आत्यांनी गालाला हळद लावली. मग कमरेच्या पिशवीतून दोरा काढून पुढं केला. "बांध. देवी परत आली म्हणून सांगते."

नाही बांधला.

राजनंदिनीला फोन केला. काय झालं, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "काकी, कुठल्या गाडीनं येताय तेवडं सांगा."