अय्युबच्या खोलीची खिडकी

जळगाव,
२१ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्कास,
अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. ऊन चव्वेचाळीसवर गेलंय, म्हणजे अजून सुरुवातच आहे. लतानं गच्चीवर घातलेले पापड अर्ध्या तासात कडकडीत होतात. गुडघा बरा आहे.

एक गंमत सांगतो. महापालिकेनं भाड्याच्या खोल्या तपासायला घेतल्या आहेत. भाडेकरू माणसासारखा राहतो की नाही, हे म्हणे आता टेप लावून बघणार. नूतन नावाची कनिष्ठ अभियंता आली होती, रावेरची, वयानं माझ्या गुडघेदुखीपेक्षा लहान. तिनं संडास पाहिला, नळ पाहिला, छताची उंची मोजली, सगळं पास. मग मागच्या खोलीत, जिथे अय्युब गवंडी बायको-मुलीसह चौदा वर्षं सुखानं राहतो, तिथे तिचं घोडं अडलं. म्हणाली, खोलीला खिडकी नाही. मी म्हटलं, दार आहे की. त्यावर नोटीसच हातात दिली. तीस दिवसांत बाहेर उघडणारी खिडकी हवी, नाहीतर खोली राहण्यास अयोग्य ठरवून रिकामी करणार.

तीस वर्षं एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारल्या मी, असल्या कागदांना घाबरत नाही. त्या खोलीला खिडकीची गरजच नाही, घरातली सगळ्यांत थंड खोली आहे ती. मी बंदोबस्त केला आहे. तू काळजी करू नकोस.

आखाजीचा सण तीस तारखेला आहे. दरवर्षीप्रमाणे लिहितो, माहेरी यावं. दरवर्षीप्रमाणे तू येणार नाहीस, हेही माहीत आहे.

लोभ आहे, तो या उन्हात आटू देऊ नये.
तुझा,
अभिमन


धुळे,
२५ एप्रिल २०२५

चि. अभिमन यास,
वच्छलाचे अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे हे वाचून समाधान वाटलं. डोकं कसं आहे ते लिहिलं नाहीस.

शेजारची रूपा परवा विचारत होती, या काळात भावाला पत्रं कशाला, फोन का करत नाही. मी सांगितलं, आम्ही बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नाही. ती म्हणाली, पण दर महिन्याला पत्र तर येतं. तेव्हा तिला आबांचं सांगितलं. जाताना ते म्हणाले होते, तोंडं फिरवायची तर फिरवा, पण एकमेकांना पत्र टाकत जा. पोरीला यातलं काही कळलं नाही, आणि तिला समजावताना मलाही फारसं कळलं नाही.

मागच्या खोलीला खिडकी नाही म्हणतोस. बरं. बंदोबस्त काय केलास ते मात्र लिहिलं नाहीस. लहानपणी तू मांजरीच्या पिलांचा बंदोबस्त केला होतास, ती आईच्या ज्वारीच्या कणगीत सापडली होती.

आखाजीला येणं होणार नाही. कारण जुनंच.

लताला आशीर्वाद. पापड थोडे पाठव, माया आपोआप वाढेल.
तुझी,
अक्का


जळगाव,
७ मे २०२५

आदरणीय अक्का,
सबाचा सलाम.

आपण मला पाहिलेलं नाही. मी अय्युब गवंड्यांची मुलगी. नानांची पत्रं पोस्टात मीच टाकते, म्हणून आपला पत्ता पाठ आहे. हे पत्र नानांना न सांगता लिहिते आहे, माफ करा.

नानांनी भंगार बाजारातून तावदानांची जुनी खिडकी आणली, आमच्या आतल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली आणि तावदानांमागे केळीच्या बागेचं कॅलेंडर चिकटवलं. वर पडदा. नाना खिळे ठोकत होते तेव्हा अब्बा दोन्ही हातांनी भिंत दाबून उभे होते. कशासाठी ते कळलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

नूतन मॅडम आल्या. नानांनी त्यांना चहा दिला. मॅडम म्हणाल्या, फार उकडतंय, खिडकी उघडा ना. नाना म्हणाले, झळा येतील. मॅडमनी उठून पडदा सरकवला, बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या की घड तयार झालेत, आजच कापायला हवेत, नाहीतर ट्रकमध्येच पिकतील. मग विचारलं, मळा कोणाचा? नाना म्हणाले, शेजाऱ्यांचा. अक्का, आमच्या मागे चार फुटांचा बोळ आहे.

मॅडम हसल्या नाहीत. पंधरा दिवस वाढवून दिले. खिडकी खरी हवी, ती बोळातच उघडेल, आणि अक्का, बोळ आपल्या नावावर आहे म्हणून आपली लेखी संमती लागेल, असं त्या म्हणाल्या. ते ऐकल्यावर नानांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अब्बांना दुसरी खोली बघायला सांगितलं. स्टँडवरचा त्यांचा आवाज, पण एवढं सांगताना तो फुटेना.

अम्मी याच खोलीत ट्यूबलाइटखाली ब्लाउज शिवते. दुपारी मशीनचं चाक हाताला चटका देतं. तरी तिला इथून जायचं नाही, लताकाकू तिला बहिणीसारख्या आहेत. अब्बा नुसते त्या भिंतीकडे बघत बसतात. आपण सही द्याल का?

चुकलं असेल तर लहान समजून जवळ धरा.
आपली,
सबा


धुळे,
१० मे २०२५

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

केळी कापून झाली का? केळीतच वाढलेल्या रावेरच्या पोरीला केळीची बाग दाखवायला गेलास, तेव्हाच आपल्या घराण्याची अक्कल तिनं मोजून नेली असेल. मला कोणी सांगितलं ते विचारायचं नाही.

आता सरळ लिहिते. त्या भिंतीला खिडकी होती. तिच्यात बसून मी सातवीच्या परीक्षेचा अभ्यास केला, आणि तू खाली बोळात गोट्या खेळायचास. आबांनी बोळ माझ्या नावे केला तेव्हा तू म्हणालास, अक्काच्या जागेची हवासुद्धा मला नको, आणि आठ दिवसांत खिडकी विटांनी बुजवलीस. मी म्हटलं, मग माझं तोंडही तुला नको. दोघंही शब्दाला पक्के निघालो. आपल्या घरात दुसरं काही इतकं पक्कं निघालं नाही.

पण आपल्या रुसव्यात अय्युबची अमिनाबी चौदा वर्षं भाजते आहे. तिथे कोण राहतं हे मला ठाऊक होतं आणि मीही कधी विचारलं नाही. मला लाज वाटली, अभिमन.

सही देईन. अट एकच. एक दुपार, बारा ते चार, त्या थंड खोलीत दार लोटून बस आणि तिथूनच मला पत्र लिही. खाडाखोड करायची नाही.

आशीर्वाद आहेतच, पत्र आल्यावर आणखी देईन.
तुझी,
अक्का


जळगाव,
१५ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दुपारचे बारा वाजून पाच मिनिटं. हुकमाप्रमाणे बसलो आहे. अमिनाबी आणि सबा पुढच्या खोलीत लताबरोबर कलिंगड खात आहेत, हसणं इथवर ऐकू येतं. खोली थंड आहे. मी म्हटलं नव्हतं?

साडेबारा. थंड म्हणजे तशी बरी आहे.

सव्वा वाजला. पंखा आहे, पण तो तीच हवा पुन्हा पुन्हा अंगावर टाकतो. सदरा काढून ठेवला.

दोन. वरचा ‘थंड’ शब्द खोडायचा होता, पण तुझी अट आहे. कागदावरचे डाग घामाचे आहेत, भलतं काही समजू नकोस.

पावणेतीन. उठताना आधाराला मशीनचं चाक धरलं, तळव्याला चटका बसला. कॅलेंडर अजून तसंच आहे. मी काढायला लागलो तर सबा म्हणाली, राहू द्या नाना, निदान हिरवं दिसतं.

साडेतीन. चार फुटांचा बोळ होता, अक्का. मी रागावलो होतो ते बोळासाठी नव्हतंच. आबांनी मला विचारलं नाही, तुला विचारलं, एवढंच सलत होतं. ते आबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीला सांगितलं. मी चुकलो. डागांबद्दल वर लिहिलंय तेही पूर्ण खरं नाही.

चार वाजले. अय्युबला दुसरी खोली बघू नको म्हणून सांगतो. तू संमती पाठव. हात जोडून मागतो.

माझ्यावर लोभ राहिला असेल तेवढा पुरे.
अभिमन


जळगाव,
२५ मे २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

संमती पोचली. काल नूतन मॅडमसमोर खिडकी उघडली. पहिला घाव माझाच, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. मोठी पहार घेतली. बावीस वर्षांमागे सिमेंटच्या चार गोण्या मीच आणून दिल्या होत्या, त्यामुळे दिवसभराचं काम धरून लतानं जेवणाचा डबाही भरून ठेवला होता.

तीन घाव, अक्का. तिसऱ्या घावाला सगळ्या विटा एकदम बोळात कोसळल्या आणि मी पहारीसकट त्यांच्यामागे जाता जाता वाचलो. सबानं मागून बनियन धरला म्हणून. आत आबांची सागवानी चौकट जशीच्या तशी. वीट उचलून बघतो तर सिमेंट नाही. नुसती माती. वरून गिलावा तेवढा सिमेंटचा.

बुजवताना गवंडी कोण होता ते तुला आठवतं का? अय्युब. तेव्हा तो नवा नवा कामाला लागला होता. मी त्याच्याकडे वळलो, तर तो खाली मान घालून म्हणाला, “नाना, भाऊ-बहीननं भांडन शे. तठे सिमेट कसाले?”

भावाबहिणीचं भांडण, त्याला सिमेंट कशाला! फागुनात खिडकी बुजवली, दोन महिन्यांनी आखाजी. अक्का माहेरी येतील, खिडकी परत उघडावी लागेल, असा त्यानं हिशेब केला होता. तू आली नाहीस. तो दर आखाजीला वाट बघत राहिला. पुढे खोली रिकामी झाली तेव्हा त्यानंच ती मागून घेतली, कारण दुसऱ्या कोणी खिळा ठोकला असता तर भिंत त्याच्या अंगावर आली असती. मी खिळे ठोकत होतो त्या दिवशी तो भिंत धरून का उभा होता, ते आता कळलं. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाला की घरचं भांडण घरच्यांनीच उघडायचं असतं. गोण्यांचं विचारलं. आमच्या पाण्याच्या टाकीचा पाया त्यांत झाला आहे.

नूतन मॅडमनी खिडकी मोजली आणि पास केली. जाता जाता आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी मोजली, ती दोन इंच कमी भरली. त्याची नोटीस वेगळी येईल. अमिनाबीनं मशीन खिडकीशी ओढून घेतलं आहे.

लोभ मातीतलाच असू दे, तोच बरा.
अभिमन


धुळे,
२९ मे २०२५

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी इतकी हसले, आणि मग अशी रडले, की रूपा धावत आली. त्या गवंड्यानं आपल्याला आपल्यापेक्षा बरं ओळखलं होतं. मुदतीचा अंदाज तेवढा चुकला त्याचा.

रविवारी सकाळी आठची गाडी धरते. आखाजी होऊन महिना झाला, पण यंदा माझी आखाजी रविवारी. लताला म्हणावं खापरावरचे मांडे आणि रस कर, अय्युबच्या घरचेही पानाला बसतील.

मी दारातून येणार नाही. आधी माझ्या बोळात येऊन खिडकीशी उभी राहीन. तू आत थांब. तीस वर्षं धुळ्याची गाडी आली म्हणून सगळ्या जळगावला सांगत होतास, आता मला सांग. मी मोठी आहे, म्हणून पहिला शब्द तुझा.

पत्रं यापुढेही टाकत जा, आबांना शब्द दिला आहे.
तुझी,
अक्का

ता. क. हल्ली मला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं पुकार.