नेजमी मिस्त्रीचं आयरान आणि अम्मींचं विरजण

शारजा, खाडीजवळ
मार्च १९६६

अलीमियाँभाई, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय, माफ करा. कागद होता, वेळही होता, धीर नव्हता. तुमचा गुडघा आता कसा आहे? शहरबानू भाभींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून मीही तसंच लिहितो. खरं म्हणजे तीन आठवडे झाले, माझ्या छातीतली धडधड थांबलेली नाही. (दम्याची नाही. दम्याची मला ओळख आहे.)

तुमची बहीण हव्वाबी नऊ वर्षांपूर्वी बोटीवर चढली ते तुम्हाला आठवत असेलच. ट्रंका माझ्या डोक्यावर आणि एक फडकं तिच्या पदराच्या गाठीत. तुमच्या मरहूम अम्मींच्या मडक्यातल्या दह्यात भिजवून सावलीत वाळवलेला तो मलमलीचा तुकडा होता. इथे उतरल्यावर तिने तो कोमट दुधात सोडला आणि अम्मींचं दही शारजात लागलं. तेव्हापासून आमच्या घरी येणाऱ्याला दह्याआधी दह्याची हकिगत वाढली जाते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण ही हकिगत मला झोपेतही तोंडपाठ म्हणता येईल.

तर गेल्या महिन्यात हव्वाबी तीन दिवस उम्म अल कुवैनला लेकीकडे, शहनाझकडे गेली. (आपल्या शहनाझला मुलगा झाला, मुबारक असो. हे आधी लिहायला हवं होतं.) जाताना दारात उभी राहून मला एकच गोष्ट पाच वेळा सांगितली, की संध्याकाळी दूध विरजायचं आणि चमचाभर दही आधी बाजूला ठेवायचं. मी म्हटलं, मी काय लहान आहे का? तिने सहाव्यांदा सांगितलं.

जुम्म्याच्या नमाजानंतर आमचा मुनीर जेवायला पाहुणा घेऊन आला. इथे बर्फाचा कारखाना निघतोय, त्याची यंत्रं बसवायला आलेला तुर्की मिस्त्री, नाव नेजमी. मोठा देह, मिशा त्याहून मोठ्या. मी मटणाबरोबर दही वाढलं. त्याने मडक्यात डोकावून पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि थेट आमच्या चुलीपाशी जाऊन बसला. मुनीर म्हणाला, बाबा, तो आयरान करून दाखवतोय, त्यांच्याकडचं ताक. भाई, त्याला ताक कसं म्हणायचं? ना घुसळण, ना लोणी काढणं. लोण्यासकट अख्खं दही पातेल्यात, तितकंच गार पाणी, मीठ, आणि मग मनगट मोडेपर्यंत फेटायचं. मी मिरची पुढे केली, त्याने ती अशी बाजूला सारली, जणू मी विंचू दिला. आलं नाही, कोथिंबीर नाही. वर चार बोटं फेस उभा राहिला पाहिजे, नाहीतर खलास, पुन्हा फेट. असा उधळेपणा मी जन्मात पाहिला नव्हता. मी घाबरत घोट घेतला. आणि खरं सांगू? चांगलं होतं. (हे भाभींना वाचून दाखवू नका.)

दुसऱ्या पेल्याला त्या एवढ्या माणसाचे डोळे भरले. त्याने मुनीरला सांगितलं, मुनीरने मला: सात वर्षांत आईच्या घरची चव आज लागली. आता असं ऐकल्यावर मडकं खरवडणार नाही असा यजमान कोण? मी खरवडलं. मग त्या भल्या माणसाने, यजमान म्हातारा आहे म्हणून, कढत पाण्याने आणि राखेने मडकं घासून लख्ख केलं आणि उन्हात पालथं घातलं. मी त्याला दुआ दिली.

संध्याकाळी कोमट दुधाचं पातेलं हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा मला समजलं की मी कशाला दुआ दिली होती.

लिंबू पिळलं, दूध फाटलं. सुक्या मिरचीची देठं टाकून पाहिली, दूध तिखट झालं. शेवटी डोक्यावरच्या रुमालाखाली वाटी लपवून शेजारच्या मरियमबीकडे गेलो आणि चमचाभर दही मागितलं. तिने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी हव्वाबी आली. बुरखा काढायच्या आत तिने मडक्यात बोट बुडवून चाटलं. ती डोळे मिटून म्हणाली, "अम्मीच्या हातचंच. जराही बदल नाही."

भाई, त्या दिवसापासून मला ते दही गिळवत नाही.

आपला
हमदुल्ला

ता. क. हे सगळं लिहिण्याचं कारण असं. अम्मींच्या मडक्याचं दही भाभी अजून लावतात ना? त्यात मलमलीचा एक तुकडा भिजवून, सावलीत वाळवून, इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती माझ्या नावाने पाठवा. मी गुपचूप दुधात सोडीन. तुमचं पत्र हव्वाबीला मुनीर वाचून दाखवतो, तेव्हा उत्तरात दह्याचं नाव नको. पाठवला असेल तर 'बकरी व्याली' एवढंच लिहा. किती पिल्लं ते लिहू नका, ती नावं ठेवत बसेल.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी उसनं दही वाटीत घालून परत द्यायला गेलो होतो. मरियमबी म्हणाली, "राहू द्या चाचा, दर उन्हाळ्यात हव्वाखालाही माझ्याकडूनच नेतात." मला ठाऊक आहे असं समजून ती बोलून गेली, मग सगळं सांगावं लागलं. बोटीवरून आणलेलं विरजण पहिल्याच उन्हाळ्यात आंबून मेलं होतं, भाई. त्या दिवशी हव्वाबी मरियमबीच्या चुलीपाशी बसून रडली आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. नऊ वर्षं मी मरियमबीचं दही अम्मींचं म्हणून खातोय, आणि पाहुण्यांना हकिगत सांगतोय.

तरीही फडकं पाठवाच. ती रोज जे म्हणते ते एकदा तरी खरं होऊ दे. मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. आणि उन्हाळ्याआधी, लवकर उत्तर धाडा. नेजमी मिस्त्री ईदला पुन्हा येतोय, बरोबर चार तुर्क आहेत.