आईच्या पैशांवर लिहिलेली प्रार्थना

४ नोव्हेंबर
आईच्या अंत्यविधीचा सगळा पैसा माझ्या हातून जाणार, हे आज ठरलं. थोरला मुलगा मी, शिवाय ओवेरी शहरात मोबाईलचं दुकान. गावात कॉम्प्युटर कळणारा दुसरा आहे कोण? आई ऑगस्टपासून मॉर्चुरीत आहे. भाऊबंदांनी २९ तारीख दिली, शुक्रवार. ओकोरी काकांनी बजावलं, "भाऊबंदांच्या जेवणाला गाय नाही तर खड्डा नाही. मग पहिली मातीही तू टाकायची नाहीस." म्हातारा उगाच घाबरवतो. गाय येणारच.

६ नोव्हेंबर
शारजाहून उझोमाचा फोन. धाकटी बहीण, तिथं नर्स आहे. साठवलेलं सगळं पाठवतेय. बँकेतून पाठवते म्हणाली. हसलो. बँक काय भाव देते? म्हटलं, क्रिप्टो घे, माझ्या एक्स्चेंजच्या खात्यात टाक, इथं मी त्याचे आपले नायरा करून घेतो. "दादा, नक्की कळतं ना तुला?" म्हटलं, व्हिडिओ बघितलाय. (अर्धा.)

९ नोव्हेंबर, सकाळ
क्रिप्टो टाकायचा खात्याचा पत्ता पाठवला. उझोमा विचारते, खाली मेमोची चौकट आहे, काय भरू? तिथं भरायला एक्स्चेंजनं एक लांबलचक नंबर दिलाय. नंबर! आपल्याकडे पैसे कोणी कोरे पाठवतं का? मी तर गिऱ्हाइकाचे पैसे परत करतानाही 'देव भलं करो' लिहितो. म्हटलं, लिही, 'आई, शांत झोप.' ती रडली. मीही रडलो. छान झालं.

दुपार
खात्यात काही दिसत नाही. नेटवर्क स्लो.

१० नोव्हेंबर
चिन्येरेनं स्क्रीनवरचं लाल अक्षरातलं वाचून दाखवलं. नंबर भरला नाही तर पैसे खात्यात जमा होणार नाहीत. या बाईला लग्नापासून फक्त लाल अक्षरंच दिसतात. एक्स्चेंजला लिहिलं. उत्तर आलं की पैसे पोचलेत, पण कोणाचे ते कळत नाही. पुरावे द्या, तपासायला दोन-तीन आठवडे लागतील. कोणाचे कळत नाही? आई म्हणून लिहिलंय की स्पष्ट! पुरावे पाठवले.

१५ नोव्हेंबर
गाय बघून आलो. तांबडी, धिप्पाड. मांडव आणि बँडही सांगितला. उझोमानं विचारलं, "आले ना रे पैसे?" म्हटलं, आले. एका अर्थी आलेच आहेत. संकल्प: चिडायचं नाही.

१९ नोव्हेंबर
चिडलो. एक्स्चेंजचे मेल बघणं बंद. टेलिग्रामवर मिस्टर डॅनियल भेटले, अडकलेले पैसे सोडवणारे तज्ज्ञ. फोटोत टाय आहे. आईचं कळल्यावर आधी हळहळले, मग कामाचं बोलले. एक्स्चेंजला हे सुचलं होतं का? चिन्येरे म्हणे, "अहो, पासवर्ड मागतोय म्हणजे चोरच." म्हटलं, किल्लीशिवाय तो दार उघडणार कसा? दिला. फोनवर कोड येईल, तोही लगेच कळवायचाय. काटेकोर माणूस.

२६ नोव्हेंबर, दुपार
कोड आला! एका मिनिटात कळवला. काकांना फोन केला की गाय पक्की. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

२८ नोव्हेंबर
डॅनियलसाहेब उत्तर देत नाहीत. फोटोही गेला. कामात असतील. उझोमा सकाळच्या विमानानं आली. गायवाला आधी पैसे मागतो, मांडववालाही.

संध्याकाळ
चिन्येरेनं माझे मेल उघडले. उझोमासमोरच मोठ्यानं वाचले. '२६ तारखेला सकाळी तुमचे पैसे खात्यात जमा केले आहेत.' त्याच्या वरचा: 'दुपारी तुमचा कोड वापरून ते काढण्यात आले.' खाली आईबद्दल दोन ओळी सांत्वनाच्या. म्हटलं, बँकेनं पाठवले असते तर भाव...

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
गाय नाही. मांडव नाही. भाऊबंद जमले आणि जेवायच्या आत घरी गेले. आई तिथंच, मॉर्चुरीत. उझोमा एकटीच आत जाऊन आली. बाहेर येऊन ओकोरी काकांना म्हणाली, "मी परत जाते, पुन्हा साठवते. तारीख मी कळवीन. पहिली माती मी टाकणार." आमच्यात थोरला मुलगा जिवंत असताना हे कोणी ऐकलेलं नाही. काका रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. काकांनी मान डोलावली.

दुकान उघडलं. एका बाईचे पैसे परत करायचे होते. फोन हातात घेतला, चौकटीत काय लिहू सुचेना.

कोरे पाठवले.