तणाचा वाफा

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि म्हशीचा रुसवा आता कसा आहे? इकडे माझ्याखेरीज सगळे ठणठणीत आहेत.

माझं भाताचं वाण तुला ठाऊक आहेच (तू त्याला 'भांडखोर भात' म्हणतोस). त्याच्या मुळांतून असं काही पाझरतं की शेजारी तण धड उगवत नाही. सहा वर्षं मी त्याच्यामागे आहे. यंदा आमच्या संशोधन केंद्रात दोन वाफे लावले, एकात माझा भात, दुसऱ्यात साधा. कुठल्याच वाफ्यातलं तण उपटायचं नाही, अशी पाटीही लावली. साध्या भातात तण असं माजलं की रोज जाऊन त्याची दृष्ट काढावीशी वाटे. सोमवारी समिती दोन्ही वाफे शेजारी शेजारी बघणार, आणि फरक दिसला नाही तर प्रयोग बंद.

अशात आई राहायला आली. परवा मी दाढ काढायला गेलो. परत येतो तो दोन्ही वाफे लख्ख, आणि आई बांधावर हात धूत बसलेली. पाटी तिने वाचली होती (ती परक्यांसाठी आहे, असं तिला वाटलं). म्हणाली, "साहेब यायचे आणि एका वाफ्याची ही दशा? एकाचे लाड, दुसऱ्याकडे बघायचं नाही. तुम्हा दोघांत मी असं कधी केलं का?"

मी कपाळाला हात लावून खाली बसलो. लोकांच्या शेतात तण खुरपताना वाकून वाकून तिची पाठ गेली, म्हणून तर मी हे वाण करायला घेतलं. आता माझा भात काय करतो, हे जगात फक्त मला माहीत आहे. मला रडू येतंय, दादा. दाढ मात्र नीट निघाली (सहा वर्षांत एवढंच यश).

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या शेताची जन्मभर थट्टा केली, त्याबद्दल क्षमा कर. एवढं तण मला दुसरीकडे कुठे मिळणार? रविवारपर्यंत दोन पोती, मुळांसकट, पाठव. ही लबाडी आहे, कळतं मला. पण साध्या वाफ्यात तेवढं तण होतं, हे तर खरं आहे.

आणखी एक. आईने हे पत्र वाचलं. तुझ्या शेताची ही अवस्था तिला कोणी सांगितली नव्हती. पाठीला मलम लावून, खुरपं घेऊन ती पहिल्या गाडीने तिकडे निघाली आहे. टपाल तिच्याआधी पोचायचं नाही, म्हणून पत्रही तिच्याच हाती देतो आहे. तणाचं राहू दे. तिला तेवढं वाकू देऊ नकोस.