शेवटच्या बाकावरचं टिपण

५ जानेवारी, सोमवार
नवीन काम. कॉलेजच्या अध्यापन सुधार कक्षाची क्लार्क होतेच, आता निरीक्षकही. कल्पना उपप्राचार्य केदार सरांची: प्राध्यापकांच्या तासाला, विषय न शिकलेलं एक माणूस शेवटच्या बाकावर बसवायचं. काय कळलं, काय नाही, ते त्याने पानभर लिहायचं. म्हणाले, श्यामलाताई, बारावीपुढे शिकला नाहीत पण अर्धी लायब्ररी वाचलीत, तुमच्यासारखं दुसरं कोण? हे कौतुक आहे असं मी धरलं.
नियम एकच. टिपण फक्त त्या शिक्षकाच्या हातात, बाकी कुणाला दाखवायचं नाही. नियम पाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

१३ जानेवारी
आम्रपाली मॅडमचा तास. अर्थशास्त्र, पहिलं वर्ष. त्या तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे दर वर्षी मुलाखत, दर वर्षी नव्याने नेमणूक. हे चौथं वर्ष.
लिहिलं: मॅडम फळ्याशी बोलतात. प्रश्न विचारतात आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतात. मागणीचा वक्र मला कळला नाही. शेजारच्या मुलीलाही नाही, पण तिने उतरवून घेतला.
टिपण मॅडमना दिलं. एक प्रत फाईलला लावली. दाखवायचं नाही म्हटलंय, ठेवायचं नाही असं कुठे म्हटलंय? आमचे हे याच ऑफिसात सव्वीस वर्षं होते. सांगायचे, कागद बाहेर गेला की प्रत आपल्याकडे पाहिजे. हे गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. टेबल तेच, सवयही तीच.

१९ जानेवारी
मॅडम आल्या. वाटलं, भांडायला. म्हणाल्या, ताई, चार वर्षांत मला हे कुणी तोंडावर सांगितलं नाही. मग माझ्या टेबलावर अख्खा अभ्यासक्रम पसरला. मागणी-पुरवठा कसा शिकवू, सांगा. म्हटलं, अहो, मला त्यातलं काय कळतंय? म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला विचारतेय.
म्हटलं, मंडईत संध्याकाळी मेथीचा भाव का उतरतो, तिथून सुरू करा.
थोडक्यात, मी उच्च शिक्षण सुधारते आहे. हे असते तर म्हणाले असते, आधी चहा घे.

१० फेब्रुवारी
परत त्यांच्या तासाला बसले. मुलं मंडईत जाऊन आलेली. एकाने मेथीवालीची नक्कल केली: घ्यायची तर घे, नाहीतर पुढे हो, वही काय काढतोस! वर्ग हसला. मॅडमनी प्रश्न विचारला आणि चक्क गप्प राहिल्या. मी मनात वीसपर्यंत मोजलं, तेव्हा मागून एक हात वर आला. वक्र मला कळला. पंचावन्नाव्या वर्षी.
तसंच लिहून टिपण मॅडमना दिलं. प्रत ठेवली नाही. मध्यंतरी नियमांचं पत्रक नीट वाचलं, त्यात आहे: प्रतसुद्धा ठेवू नये. आजपासून कडक शिस्त. जुनी प्रत सवडीने काढून टाकू.

२ मार्च
जुनी प्रत काढायची आहे. फाईल वरच्या कप्प्यात. स्टुलावर चढायचं म्हणजे गुडघा. उद्या.

१७ मार्च
परीक्षांची धांदल. प्रत कुठे पळून जात नाही.

२१ एप्रिल
केदार सर नेमणुकांच्या समितीवरही आहेत. कक्षाची फाईल मागितली. म्हटलं, सर, त्यातलं दाखवायचं नसतं ना? म्हणाले, ताई, नियम मीच केलाय. घेऊन गेले.
फाईल जाड आहे. एवढं कोण वाचतं?

२४ एप्रिल
मुलाखती. सकाळीच ठरवलं, आत जायचं. दुसरं टिपण तोंडपाठ आहे, ते सांगायचं.
बारा वाजता मॅडम मुलाखत देऊन बाहेर आल्या आणि तिथेच बाकावर बसल्या. घरी जाईनात. थकल्या असतील. मी पाणी नेऊन दिलं. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.
समिती चालू असताना क्लार्कने मध्येच शिरणं बरं दिसत नाही. शिवाय सर विचारणार, पहिलं टिपण फाईलला कुणी लावलं? सव्वा वाजता समिती उठली. माझा निश्चय शेवटपर्यंत कायम होता.

५ मे
यादी लागली. मॅडमचं नाव नाही.
अशा गोष्टींना पुष्कळ कारणं असतात. एका पानाने कुणाची नेमणूक जात नाही. तरी मॅडमना सगळं सांगणार. आधी त्यांना जरा सावरू दे. आठ दिवस.

१४ मे
उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाला त्रास देऊ नये.

१ जून
माफीचं पत्र लिहिलं. पाच पानं. त्यातली चार, प्रत ठेवण्याची पद्धत मुळात कशी चांगली, यावर निघाली. फाडलं.

८ जून
आज यांचा दिवस. अकरा वर्षं झाली. फोन करायला चांगला दिवस होता. पण बोलताना रडू आलं असतं, आणि ते कशाचं हे मॅडमना कसं कळणार? मलाच कळलं नसतं. खीर केली. खाल्ली नाही.

१९ जून, सकाळी ९.३५
फोन केला. हॅलोच्या आधीच बोलून टाकलं: पहिल्या टिपणाची प्रत फाईलला मी लावली होती.
मॅडम म्हणाल्या, माहीत आहे, ताई. मुलाखतीत सरांनी ती माझ्यासमोरच धरली. तुमचं अक्षर मला ओळखू येतं. मी माझ्याकडचं दुसरं टिपण दाखवलं, तर म्हणाले, फाईलला नाही ते आम्ही धरत नाही. ताई स्वतः येऊन सांगत असतील तर बघू. म्हणून बाहेर बसले होते.
म्हटलं, मग तेव्हा मला हाक का नाही मारलीत?
म्हणाल्या, तुम्ही आलात ना. मला वाटलं, आता जाताय आत. तुम्ही पाणी दिलंत.
मग म्हणाल्या, धायरीत एका क्लासमध्ये शिकवतेय, दहाला तास आहे, ठेवू का?
मी म्हटलं, ठेवा.
आज काही ठरवलेलं नाही.