शिट्टीवर आलेली पोरं

ती. मार्थाताईस,

धाकट्या शांतवनचा सलाम. देवाच्या कृपेने मी बरा आहे, म्हणजे रोज सकाळी अंगात खाकी चढवतो, एवढाच बरा. तुझे गुडघे काय म्हणतात? आणि दाजींची रंधा मारता मारता शीळ घालायची सवय अजून आहे ना? (देवळातसुद्धा गीताच्या मध्येच सुरू व्हायचे. ते आठवून आज एकटाच हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.) पत्र लांबणार आहे, चहा चुलीवर असेल तर आधी उतरव.

गेल्या साली आमच्या ठाण्याला एक तरुण फौजदार आले होते, नाशकाहून ताजे शिकून. त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं, की चोर झाल्यावर पकडण्यापेक्षा पोरं बिघडायच्या आधीच ठाण्याशी जोडून घ्यायची. म्हणून ठाण्यामागच्या आवारात रोज संध्याकाळी हुतुतू, आणि शिकवणार कोण, तर शांतवन हवालदार. (माझं पोट तू पाहिलेलं आहेस.) हुकूम झाला, बिघडण्याच्या बेतात असलेली पोरं हुडकून आणा. आता ताई, बिघडलेलं पोरगं मी नुसत्या चालीवरून ओळखतो, पण बेतात असलेलं कसं ओळखायचं? घरोघर विचारलं, तर प्रत्येक आईने शेजारणीच्या पोराकडे बोट दाखवलं, आणि एकीने मला चप्पल दाखवली.

मग साहेबांनी खेळ संपल्यावर घुगऱ्या वाटायच्या ठरवल्या. गेल्या सालापासूनचा दुष्काळ तुला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या दारात आयांची रांग. छबूबाई तर आपल्या पोराचा कान धरून आली, "हवालदार, ह्यो लई वाया गेलाय, घ्या ह्याला." काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणे कोंबडी चोरली. कोणाची? "आमचीच की!" तिच्या दारात कधी कोंबडी नव्हती, हे मला ठाऊक होतं. पोरगं मी घेतलं.

खरा बेतात असलेला एकच होता, गोजरबाईचा कानिफनाथ. बाजारात एका पाकीटमाराच्या मागे फिरून हातसफाई शिकत होता. पण चढाईला उतरला की कोणाच्या हाती लागायचा नाही. हळूहळू त्याने बाजाराची वाट सोडली. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि माझी शिट्टी वाजली की हजर. मी 'बस' म्हटल्याशिवाय एकही पोरगं घुगऱ्यांना बसत नसे. मला मूलबाळ नाही, ताई. त्या पोरांचा मला फार लळा लागला होता.

पुढे त्या साहेबांची बदली झाली, नवे आले, आणि त्याच आठवड्यात पेठेतलं धान्याचं दुकान फुटलं. नव्या साहेबांनी विचारलं, गावातली कोणती पोरं ठाण्याच्या ओळखीची आहेत? मला वाटलं, यांना खेळ बघायचाय. छाती फुगवून म्हणालो, सगळी, साहेब, एका शिट्टीवर येतील. आणि वाजवली. आली की! खडीच्या धुळीने पांढरी झालेली पोरं धावत आली, ओळीने उभी राहिली, सलाम ठोकला. कानिफनाथने तर चढाई दाखवायला सदरासुद्धा काढला. साहेबांनी सगळ्यांना कोठडीत घातलं. इतके संशयित इतक्या सहज मला उभ्या नोकरीत मिळाले नव्हते. (साहेबांनी पाठ थोपटली. ती पाठ अजून दुखते आहे.) छबूबाईच्या पोराने गजांतून विचारलं, "हवालदार, आज घुगऱ्या हिथंच का?"

शेवटी निघालं असं, की धान्य दुकानदाराच्या भाच्यानेच विकलं होतं. पोरं सुटली. पण कोठडी पाहून आलेला नको म्हणून मुकादमाने कानिफनाथला कामावरून काढलं, आणि तो पाकीटमार आता रोज गोजरबाईच्या दारावरून चकरा मारतो. आवार ओस पडलंय. परवा मी शिट्टी वाजवून पाहिली. ठाण्याचं कुत्रं आलं.

असो. वाईट वाटतं, दुसरं काय. दाजींना सलाम सांग.

तुझा,
शांतवन

ता. क. नाताळात तू दिलेली लोणच्याची बरणी परत पाठवली आहे. फुटली नसेल, आणणारा जपून वागणारा आहे.

आणखी एक. बरणी आणणारा कानिफनाथच. शेवगावला एसटी बदलून एकटाच आलाय. दाजींना सुतारकीच्या कारखान्यात हाताखाली पोरगं हवं आहे असं तू म्हणाली होतीस, त्याला ठेवून घ्या. या पत्राचं खरं काम एवढंच आहे. तो माझ्या सांगण्यावरून आलेला नाही, गोजरबाईच्या शब्दावर आलाय. माझ्याशी तो बोलत नाही.

शेवटचं. तू हे वाचते आहेस तोवर तो दारात बरणी धरून उभाच असेल. 'बस' म्हटल्याशिवाय बसायचा नाही, ती शिस्त मीच लावली. आधी तेवढं म्हण. आणि दाजींना सांग, काही दिवस शीळ घालू नका.