चिंबोरीचं बीळ

बाबा, आपल्या शेजारच्या खाचरात आता पिकाला मातीच लागत नाही. मुंबईत नोकरी केलेल्या एका बाईनं ते विकत घेतलंय. प्लास्टिकचा मांडव घालून आत नळ्यांमध्ये, नुसत्या पाण्यावर, ती सॅलडची पानं वाढवते. तुम्ही पोट धरून हसला असतात. मी हसलो नाही, जळलो. विचुंब्याच्या नव्या इमारतींतून लोक गाड्या घेऊन येतात, पिशव्या भरून नेतात. शेतीखात्याचे साहेब पाहुण्यांना आणतात आणि फोटोसाठी आपल्याच बांधावर, आपल्या भाताकडे पाठ करून उभे राहतात. एकानं मला विचारलं, "अजून भातच का लावता?" खाडीकाठच्या या जमिनीशी मी जन्मभर झुंजतोय, आणि शेतकरी म्हणून शाल तिच्या खांद्यावर.

मला तो दिवस सारखा आठवतो. मी नऊ-दहा वर्षांचा. उधाणाच्या आधी तुम्ही खाडीकडच्या बांधावर अनवाणी चालताय. टाच दबेल तिथे थांबताय, कारण खाली खेकड्याचं, चिंबोरीचं बीळ असतं. त्यातून आधी बोटभर खारं पाणी येतं, मग अख्खा बांध जातो. मी मागून चिखल-पेंढ्याचे गोळे देतोय. आपली हद्द संपते तसा मी म्हणतो, "झाला आपला, चला घरी." शेजाऱ्याशी तुमचं कित्येक वर्षं बोलणं नाही. तरी तुम्ही माझ्या हातातला गोळा हिसकावता आणि त्याच्या बांधातलं बीळ बुजवता. "पानी काय सातबारा बगून येतं काय रं? आनि येताना या बिलावरशी तूच पुढं गेलास. तुला टाच हाय का खूर?" घरी पोचेपर्यंत मी रडत होतो.

या श्रावणात, अमावास्येच्या सकाळी, तिच्या हद्दीत माझी टाच दबली. हातात गोळा होता. मनात आलं, हिला पाण्यावरच शेती करायचीय ना, घे मग पाणी. गोळा खाडीत भिरकावला आणि घरी येऊन चहा प्यालो. दुपारच्या भरतीला बांध फुटला. नळ्यांना पाणी देणारं तिचं शेततळं खारट झालं, चार दिवसांत सगळी पानं करपली. आपल्या खालच्या कोपऱ्यातलं भातही पिवळं पडलं. तरी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मग ती दारात आली. मला वाटलं, हिला कळलं. म्हणाली, "दादा, सॉरी हं. आमच्या साइडनं बांध गेला आणि तुमचं भात खराब झालं. मला यातलं काहीच कळत नाही. शिकवाल?"

पौर्णिमेच्या आधी तिला अनवाणी चालवलं. आपल्या बांधावर मी पुढे होतो. मागून ती म्हणाली, "दादा, इथे पाय आत जातोय." बीळच होतं, माझ्या टाचेखालून सुटलेलं. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला असतात, हे तिथल्या तिथे समजलं आणि मी परत जळलो. तरी तोंडातून "शाब्बास" निघालं. तुम्ही मला ते कधी म्हणाला नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ते पहिलं बीळ मी पाहिलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही तिला जाऊन सांगणार नाही.